इंकांचा माणूस

आखातातल्या अल रीम आयलंडवरचे आमचे शेजारी नव्या वस्त्यांचे नकाशे काढतात. बोलताना हवेत दोन्ही हातांनी शहरं मांडायची त्यांना सवय. "अझ्टेकांनी तळ्यात भर घालून शहर वसवलं. सरळ रस्ते, मधोमध देऊळ. इंकांना डोंगरच देव, म्हणून गल्ल्या डोंगराच्या कलाने वळवल्या. मी इंकांचा माणूस, हबीबी!"

सुपरमार्केटला जाताना मोकळ्या प्लॉटमधून कामगारांच्या पावलांनी पडलेली वाकडी पायवाटच ते धरत. परवा तिथे पत्र्याचं कुंपण दिसलं. कामगार भर उन्हात लांबचा वळसा घालत होते.

"कुणी घातलं हो हे?" मी विचारलं.

"ड्रॉइंग माझंच आहे," ते म्हणाले.

मग आम्ही सरळ रस्त्याने गेलो. त्यांचे हात खिशात होते.