मागून येणारी स्कूटर

पोहणं, सायकल आणि धावणं एकाच दिवशी, एकापाठोपाठ करायची लांब पल्ल्याची शर्यत मी चाळिशीत करायची ठरवली, तेव्हा घरातून बाबांनी एवढंच विचारलं, "मधे जेवतात कधी?"

बाबा बसवर ड्रायव्हर होते. जव्हार-मोखाडा रस्त्यावर त्यांची निम्मी नोकरी गेली. रविवारी मी दिवसभर एकटी रस्त्यावर असणार हे आईला पटेना, म्हणून तिने त्यांना स्कूटर देऊन माझ्या मागे धाडायला सुरुवात केली. डिकीत उकडलेले बटाटे, खजूर, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि त्यांचं वर्तमानपत्र. सकाळी गावाबाहेरच्या तलावात पोहणं, मग सायकलवर मोखाड्याला जाऊन परत, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या धावणं, असा माझा दिवस असायचा.

त्या दिवसांत मला स्वतःचंच नवल वाटायचं. सकाळी आवडीने खाल्लेला खजूर दुपारी तोंडात धरवत नसे, नुसत्या भाकरीची आठवण व्हायची. घाटाचा चढ लागला की डोकं भलतंच काही काढून बसायचं: पाचवीच्या वर्गाला खिडक्या किती होत्या, बाकावर माझ्या शेजारी कोण बसायचं. दमणं नेमकं कुठून सुरू होतं ते पकडायचा मी प्रयत्न करायची, पण बघावं तर ते आधीच येऊन बसलेलं असायचं.

नाचणीच्या कापणीचे दिवस होते. साखरशेतच्या रस्त्याने मी धावत होते. स्कूटरचा आवाज कानाशी नको म्हणून बाबा बरेच मागे असत. एका वळणानंतर तो आवाज बंदच झाला. पेपर वाचायला थांबले असतील, असं वाटून मी थोडी पुढे गेले. मग राहवलं नाही, उलटी फिरले.

बाबा रस्त्याच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. समोर तीन बायका, हातात विळे. स्कूटरची किल्ली त्यांच्यातल्या म्हातारीच्या मुठीत.

"बाय, हा कधीपासून तुझ्या पाठी लागलाय?" तिने मला विचारलं.

"माझे वडील आहेत ते."

"तोही तेच सांगतो."

"खरंच वडील आहेत. माझी काळजी म्हणून मागे येतात."

तिला एवढ्याने पटलं नाही. तिने आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे असं बराच वेळ पाहिलं. शेवटी "नाक तेच आहे," म्हणाली आणि किल्ली परत दिली. बाबा रागावले असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं केलंत. असंच विचारत जा."

मग आम्ही सगळे मोहाच्या झाडाच्या सावलीत बसलो. बटाटे वाटून खाल्ले. मी काय करते ते ऐकल्यावर त्यांचे प्रश्न संपेनात. लघवीला कुठे जातेस? पळताना झोप येते का? गालावर हे पांढरं काय? म्हातारीने बोटाने ते खरवडून पाहिलं. घामाचं मीठ आहे म्हटल्यावर तिघी हसल्या.

"पण पळायचं कशाला?" म्हातारीने विचारलं.

"आपल्याला कुठवर जमतं ते बघायचंय."

तिने थोडा विचार केला. "मग, दिसलं?"

"अजून नाही."

तिघींतली सर्वांत लहान जरा पुढे सरकली. तिने विचारलं, "पाण्यात डोळे मिटून जाता का उघडे ठेवून?"

"उघडे. चष्मा असतो तसला."

"मग काय दिसतं?" हे बाबांनी विचारलं. इतके रविवार ते काठावर बसले होते, पण त्यांना हे जाणून घ्यायचंय, असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याचा विषय ते नेहमी टाळत.

पुढच्या रविवारी मी पोहून आले आणि चष्मा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझा हात धरून पाण्यात उतरले. कंबरेपर्यंत गेल्यावर वाकून तोंड पाण्यात घातलं, लगेच बाहेर काढलं. परत घातलं. तिसऱ्या वेळी ते इतका वेळ वाकून राहिले की मीच घाबरून त्यांचा खांदा ओढला.

"काय दिसलं?"

"माझे पाय," ते धापा टाकत म्हणाले. "आणि एक मासा. तो पळाला नाही. मला वाटायचं, आत नुसता अंधार असेल."

पॅन्ट पूर्ण भिजली होती. आईला काय सांगायचं, ते आमचं परतताना ठरलं.

शर्यत हिवाळ्यात झाली. मी ती पूर्ण केली, अगदी शेवटच्या काही जणांत. घरी आल्यावर काही दिवस मला जिना सरळ उतरता येत नव्हता. कठडा धरून, उलटं तोंड करून मी एकेक पायरी खाली येत होते. बाबा खाली उभे राहून बघत होते.

"चढताना दुखत नाही," ते म्हणाले, "मग उतरतानाच का?"

मी पुन्हा वर गेले आणि नीट लक्ष देत, सावकाश उतरू लागले.