नृसिंहाचा एक्का

आधीच सांगून टाकतो... मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तीस वर्षं अमरावतीत मास्तरकी केली. ग्रहण कसं लागतं ते लिंबू आणि दिवा घेऊन मुलांना दाखवलं. घराण्यात उपाध्येपण असून वडिलांच्या मागे पंचांग हातात धरलं नाही. आपल्या मासिकात वाचकांचे असे अनुभव छापून येतात, ते मी आजवर सुपारी कातरत, हसत वाचत आलो. तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारपणी मास्तर चळले’ असं कुणी म्हटलं, तर मला राग येणार नाही. मात्र जे घडलं ते घडलं तसंच लिहितो आहे. पदरचं काही घालत नाही.

गोष्ट कापसाच्या तेजीच्या वर्षांतली. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचे दिवस आलेले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या मी त्याच वर्षांत पाहिल्या. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि अमरावतीत एका विलायती व्यापाऱ्याच्या एजंटाकडे इंग्रजी पत्रं लिहायच्या कामावर होतो.

गणपत तिथेच कापूस पारखायला होता. हिवरखेडाकडच्या कुणब्याचा मुलगा, माझ्याच वयाचा. बाप नव्हता. आई आणि थोरला भाऊ वावर पाहायचे. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून तो हळूच ओढायचा, डोळे मिटायचा आणि कापूस कुठल्या गावचा ते सांगायचा. वजन वाढवायला कुणी पाणी मारलं असेल तर तेही सांगायचा. माझं लग्न झालेलं, त्याचं नाही. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. ओसरीच्या आत मात्र कधी आला नाही. त्या काळी ते तसंच होतं... आणि खरं सांगायचं तर मला ते खटकतही नव्हतं.

त्या हिवाळ्यात साहेबाने मला बोलावून सांगितलं की सदाशिव, आपलं बहुतेक काम आता अकोल्याला जाणार. तिकडे रेल्वेचा रस्ता होतो आहे, कापसाच्या गाठी दाबायची नवीन प्रेस बसते आहे, तू जा आणि तिथलं गुदाम सांभाळ. मोठी जागा होती. पण माझी बायको सरस्वती पाच महिन्यांची गरोदर, आणि आधीचं मूल जन्मतःच गेलेलं. वडील म्हणत, उपाध्येपण सोडून म्लेंच्छाच्या चाकरीसाठी गावही सोडणार का? साहेब रोज विचारायचा आणि मी रोज ‘उद्या सांगतो’ म्हणायचो. असे तीन आठवडे गेले. जेवण जाईना. रात्री पडल्या पडल्या साहेबाचं आणि वडिलांचं बोलणं मनातल्या मनात घोळवायचो.

शेवटी सरस्वतीनेच विषय काढला. “परकोटाच्या आत ती चितारीणबाई आहे ना, गंजिफा पाहणारी... तिला एकदा विचारू या का? माझ्या मनाच्या समाधानासाठी.”

गंजिफा आता दिसत नाहीत म्हणून सांगतो. हाताने रंगवलेले गोल पत्ते, लाखेचं पाणी दिलेले. दशावतारी डावात दहा रंग असतात, एकेका अवताराचा एकेक, आणि एकेका रंगाचे बारा पत्ते. लोक त्यावर खेळत. या बाईचा बाप ते रंगवत असे, आणि ही म्हातारी तेच पत्ते मांडून अडल्यानडल्याला वाट सांगायची. मी आधी हसलो. मग सरस्वतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

पौषातली दुपार होती. गणपतने त्याच्या ओळखीच्या एकाची दोन बैलांची दमणी आणली आणि तोच हाकायला बसला.

बाईचं घर म्हणजे एक लांबट खोली. डिंकाचा आणि रंगांचा वास. ती घोंगडीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे पत्ते ती बोटांनी चाचपून ओळखायची.

“होनार काय ते मी सांगत नाई,” ती पहिल्यानेच म्हणाली. “तुमी उभे कुठं हा, तेवढं पत्ते सांगतात. पुढं कुठं पाय टाकाचा ते तुमचं तुमी पाहा.”

तिने पत्ते पालथे पसरले आणि मला तीन उचलायला लावले. पहिला मागचा, दुसरा हातातला, तिसरा पुढचा. पहिला परशुरामाचा निघाला. “बापाचा शब्द,” ती म्हणाली. “त्याचं ओझं मानेवर हाय.” दुसरा कासवाचा. “पाय आत ओढून बसला हा बाप्पा तुमी.” सरस्वतीने माझ्याकडे पाहिलं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मनात म्हटलं, चेहरा दिसत नसला तरी आवाजावरून कुणीही एवढं ओळखेल.

तिसरा पत्ता मी उलटला. त्यावर एकच चक्र होतं. बाईने बोट फिरवलं आणि बोट तिथेच राहिलं.

“नृसिंहाचा एक्का,” ती म्हणाली. “हा उंबऱ्याचा पत्ता हाय. देवानं राक्षसाले मारला तो आत ना बाहेर, दिवसा ना राती. घर सोडनाऱ्याले येते हा. ज्याले आला त्यानं आत राहावं नाईतं बाहेर निघावं. पन उंबऱ्यात थांबू नये. मधात थांबला का गेला.”

सरस्वतीचा हात पोटाशी गेला.

गणपत दाराशी टेकून उभा होता. तो दोन पावलं पुढे आला, वाकला, माझ्यापुढचा तो पत्ता उचलला आणि हसत आपल्या बंडीच्या छातीवर धरला. “हा माह्या नावानं धरा बाई. याच्या घरी लेकरू येऊन राहिलं. मी सडाफटिंग मानूस. मले काय होते?”

“ठेव तो खाली,” बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यातलं सगळं मार्दव गेलं होतं. “दुसऱ्याचा पत्ता असा उचलत नसतात.”

“उचलला ना आता.”

“उचलला तं तुहा झाला,” ती म्हणाली. पत्ते गोळा केले, फडक्यात बांधले आणि आम्हाला जायला सांगितलं. दक्षिणा तिने घेतली नाही. परतीच्या वाटेवर गणपत बैलांशी गप्पा मारत होता.

दुसऱ्या दिवशी तो साहेबाकडे गेला आणि ‘सदाशिव येईपर्यंत अकोल्याचं गुदाम मी पाहतो’ असं सांगून आला. मला म्हणाला, “सदूभाऊ, लेकराचं तोंड पाह्य, मंग ये. घाई नाई.”

मी त्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

चैत्रात सरस्वती बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. सोयर असल्याने बाळंतिणीच्या खोलीत मला जाता येत नव्हतं. भिंतीपलीकडून रडणं तेवढं ऐकलं. पण त्या रडण्याने माझं मन ठरलं. अकोल्याला जायचं, गणपतला मोकळं करायचं, आणि ही बातमी त्याला आपल्या तोंडाने सांगायची. चौथ्या दिवशी पहाटे मी बैलगाडीने निघालो. माझ्या आधी कुणी पत्र धाडलं नव्हतं, निरोपही नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

मूर्तिजापूरच्या पुढे समोरून गाड्या येऊ लागल्या. भांडी, गाद्या, बकऱ्या, बायकामुलं लादलेल्या. अकोल्यात पटकीची साथ सुरू झाली होती. शहर कोसभर राहिलं तेव्हा माझ्या गाडीवानाने बैल थांबवले. “याच्या पुढं मी येत नाई महाराज. काहून मराले जाता?” मी बोचकं खांद्यावर टाकलं आणि चालत निघालो.

आमचं गुदाम मोर्णा नदीच्या अलीकडेच होतं. एरवी तिथे हमालांचा, गाड्यांचा एवढा गलका असायचा की बोललेलं ऐकू येऊ नये. त्या दिवशी अंगणात चिटपाखरू नव्हतं. फाटक बंद होतं आणि पहारेकरी दिसेना, म्हणून मी बाजूच्या कुंपणाच्या फटीतून आत शिरलो. दिवेलागणीची वेळ. सूर्य बुडालेला, पण उजेड होता. सगळीकडे कापसाची भुरभुर पडलेली, आणि हवेला एक करपट, गोडसर वास... भाकरी तव्यावर राहून गेल्यासारखा.

गुदामाचं मोठं दार उघडं होतं आणि दारात गणपत उभा होता.

एक खांदा चौकटीला टेकलेला, केसांत रुईचे पुंजके, अंगात तीच बंडी. माझ्यापासून फार तर पंधरा पावलांवर. मला इतका आनंद झाला की मी बोचकं टाकून धावतच निघालो.

“तिथंच थांब,” तो म्हणाला.

मी थांबलो. मला वाटलं, साथीमुळे म्हणत असेल.

“पोरगी झाली ना?”

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“चांगली हाय. डाव्या कानाच्या मांगं लासं हाय तिच्या, कवडीएवढं.” हे तो अगदी सावकाश बोलला, रुई पारखताना बोलायचा तसा, डोळे मिटून. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “सदूभाऊ, आत येऊ नको. इथं उंबऱ्यात बी उभा राहू नको. मांगं सरक. अजून. त्या विहिरीपावतर जा.”

मी का ऐकलं, मला माहीत नाही. मी त्याच्याकडे तोंड ठेवूनच पाठी पाठी सरकत गेलो. विहिरीचं जोतं पोटरीला लागलं आणि त्याच क्षणी आतून असा आवाज आला, जसा एखाद्या प्रचंड जनावराने श्वास ओढून घ्यावा. गाठी पेटल्या होत्या. कापसाच्या गाठीच्या पोटात ठिणगी राहिली तर ती आठ आठ दिवस धुमसते, वरून कळत नाही. आणि हवा मिळाली की एकदम भडकते. दारातून आगीचा लोळ बाहेर आला, जिथे मी आधी उभा होतो तिथपर्यंत. पाठोपाठ चौकट, वरचं सागवानी तुळवट, कौलं, सगळं खाली आलं.

मी ओरडत राहिलो की आत गणपत आहे. पहारेकरी नदीकडून धावत आला आणि त्याने मला मागून कवटाळून धरलं. तो काय बोलतो ते मला आधी समजेना.

“कोनी नाई आत, महाराज. गनपत कुठून येईल? त्याले आमी दुपारीच जाळून आलो.”

हळूहळू त्याने सांगितलं ते असं. आदल्या रात्री गणपतला जुलाब-ओकाऱ्या सुरू झाल्या. पहाटे, उजाडायच्या आधी, पहारेकरी पाहायला गेला तेव्हा गणपत गुदामाच्या दारात पडलेला होता. पाय आत, डोकं बाहेर. बाहेर येऊ पाहत असावा. तिथेच गेला होता.

अमरावतीला परतलो ते बारशाच्या आदल्या दिवशी. सरस्वतीने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. मी काही न बोलता तिचा डावा कान पुढे वाकवला. मागे तांबूस जन्मखूण होती... लासं, कवडीएवढं. सरस्वतीलाही ते तोवर दिसलं नव्हतं. सुईणीला विचारलं, तिनेही पाहिलं नव्हतं.

मी पुष्कळ डोकं लढवलं आहे. दोन दिवसांचं ऊन, मनातला अपराध, संधिप्रकाश, त्यातून माणसाला दिसू नये ते दिसतं, हे मी मान्य करतो. जळक्या वासाने माझ्याच मनाने मला मागे ओढलं असेल. मुलगी झाल्याचं तर मलाच ठाऊक होतं. पण माझ्या मनाला माहीतच नसलेली खूण माझं मन कुठून आणणार? या एका जागी माझं सगळं सायन्स येऊन अडतं. चितारीणबाईकडे मी पुन्हा गेलो नाही. हिंमत झाली नाही. साहेबाची नोकरीही सोडली, आणि वर्षभराने शाळेत लागलो.

बारसं झाल्यावर मात्र एक प्रवास केला. हिवरखेडाकडे, त्याच्या आईकडे. बातमी तिला आधीच कळली होती. ती वावरात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून मोळी बांधत होती. मी बांधावर बसून तिला सगळं सांगितलं. पत्ता सांगितला, माझ्या जागी तो गेला ते सांगितलं, दारात दिसला ते सांगितलं. वाटलं होतं की ती मला शिव्या देईल. द्याव्यात अशीच माझी इच्छा होती.

तिने मोळी सोडून दिली आणि माझ्यासमोर ढेकळांतच बसली. खरं की खोटं, हे विचारलं नाही. पत्त्याबद्दलही काही विचारलं नाही.

“बापू,” ती म्हणाली, “त्या बिमारीत मानूस पानी पानी करते म्हनतात. तुले दिसला तवा पानी मांगतलं का त्यानं?”

मी आठवून पाहिलं. दोनदा आठवून पाहिलं, कारण तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

“नाही मागितलं,” मी म्हणालो.

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं, उठली, आणि राहिलेल्या पऱ्हाट्या उपटू लागली. मी थोडा वेळ बसून राहिलो. मग मीही उठलो आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या मागून पऱ्हाट्या गोळा करत गेलो.