कार्पेटखाली
भिजलेल्या कापडाचा कुबट वास आला की मला नांदेडचं ते गॅरेज आठवतं. मी जुनी जर्मन सेडान हौसेनं घेतली होती. अहमदपूरहून विष्णुपुरीच्या कॉलेजात मी तिनेच रोज शिकवायला जायचे. तिथंच शिकणारी माझी लेक मागच्या सीटवर झोपून यायची. पावसाळ्यात गाडीत पाणी झिरपू लागलं, म्हणून आम्ही दोघी तिथं गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रीनं कार्पेट उचललं आणि आम्हाला जवळ बोलावलं. खाली, मागच्या सीटच्या अगदी पुढं, या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगचा गंजलेला जोड होता. "मॅडम, ही एक गाडी न्हाई," तो हळूच म्हणाला. "पुढचा भाग एकीचा हाय, मागचा दुसरीचा. मधी कापून जोडलंय. दणका बसला तर इथंच तुटंल. किती पळवता?" "कधी शंभर," मी म्हणाले. त्यानं हातातली टॉर्च खाली ठेवली. लेक जोडाकडं बघत म्हणाली, "म्हणजे आई, तू एका गाडीत होतीस आन् मी दुसरीत?" गाडी तिथंच सोडून आम्ही एसटीनं निघालो. ती लगेच झोपली. अहमदपूर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. आता ती हा किस्सा पाहुण्यांना हसत सांगते. मी तेवढ्यात उठून आत जाते.