हळदीच्या धुराळ्यातला खोकला

हे लिहावं की नको, याच विचारात बरेच दिवस गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की थट्टा करण्यात माझा नंबर पहिला. "बाथरूममध्ये कोणीतरी उसासे टाकतं" अशी हूल मुलींनी उठवली होती, तेव्हा आत जाऊन गळका नळ दाखवणारी बाई मीच. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर माझी काही हरकत नाही.

मी हिंगोलीत राहते. माहेर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याजवळ. घरी आई, दादा आणि सुनीता वहिनी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते टीबीने गेले… खरं म्हणजे आजार उशिरा कळला म्हणून गेले.

आमच्याकडे हळद शिजवून वाळवली की मोठ्या लोखंडी ढोलात फिरवून पॉलिश करतात. त्या दिवसांत अंगणात असा पिवळा धुराळा उडतो की सगळं घर खोकतं. अण्णाही खोकत होते. ते आजारी पडले त्या वर्षी हळदीला भाव नव्हता, म्हणून पोती अण्णांच्याच खोलीत रचली, पार खिडकी बुजेपर्यंत. पाऊस सुरू झाला तरी त्यांचा खोकला थांबेना. "पोत्यांचा धुराळा छातीत बसला," असं तेही म्हणायचे आणि घरातले सगळेच म्हणायचे. आईने त्यांचं ताट आणि पेला मात्र वेगळा काढला. टीबी ताट-पेल्यातून पसरत नाही. खोकल्याबरोबर हवेत जातो आणि कोंदट खोलीत तिथेच रेंगाळतो. त्या खोलीत अण्णांचं सगळं करायची वहिनी. चहा, जेवण, पाय चेपणं, सगळं.

सातव्या महिन्यात वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली. त्यानंतर अण्णांचा आजार कळला, गोळ्या सुरू झाल्या, पण शरीरात काही उरलंच नव्हतं. दवाखान्याच्या लोकांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. कोणाला काही निघालं नाही. अण्णा गेल्यावर काही महिन्यांनी वहिनी लेकरू घेऊन परत आली. ती तपासायची राहिली आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. पुन्हा पॉलिशचेच दिवस. भर दुपार, ढोल बंद, माणसं लिंबाखाली जेवत होती आणि मी ओट्यावर बसून मोबाइल बघत होते. आतून खोकला आला. दोन छोटे ठसके, मग एक खोल, लांबलेला, आणि शेवटी "हां…" करून सोडलेला श्वास. अण्णांचा खोकला. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

आत गेले. अण्णांच्या खोलीत वहिनी बाळाला पाजत होती. बाळ शांत. दुसरं कोणी नाही.

"वहिनी, तुम्ही खोकलात का आत्ता?"

"न्हाई ताई. काहून?"

"कोणी खोकलं का इथं?"

"मी तं इथंच बसून राहिली. कोणीच न्हाई खोकलं."

बाहेर आले तर दारात आई उभी. माझा चेहरा बघून ती हळूच म्हणाली, "तुला बी आला ना आवाज?"

"तुला केव्हापासून येतोय?"

"लई दिसापासून. सुनीता खोलीत असली की येतो. ती बाहीर आली की बंद." आत एकदा डोकावून म्हणाली, "मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलं. दादाला सांगू नको, माय."

आईने तिच्या परीने अर्थ लावला होता, की अण्णांचा जीव नातवात अडकला. मी विज्ञानाची बाई. मला वेगळंच दिसलं. वहिनीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. संध्याकाळी अंग कोमट असतं, असं ती दोनदा बोलली होती, आणि आम्ही म्हणालो होतो, अंगावर पाजते ना, थकत असेल. मग एकदम आठवलं, हिची तपासणी झालेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने सेनगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला आहे?" वहिनी म्हणाली, "बिलकूल न्हाई." तरीही मी एक्स-रेचा हट्ट धरला. फोटोत डाग निघाला. मोठ्या मुश्किलीने थुंकी दिली, त्यात जंतू सापडले. खोकला नसतानाही टीबी असू शकतो, हे डॉक्टरांनी समजावलं. एवढ्याला तरी स्पष्टीकरण आहे.

आईने लगेच बाळाला बाटली लावायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, दुधातून हा आजार जात नाही. वहिनीने मास्क लावून पाजावं, खोलीत हवा खेळती ठेवावी. बाळालाही तपासून त्याची प्रतिबंधक औषधं सुरू केली. घरी आल्यावर दादाने कोणाला न विचारता सगळी पोती बाहेर काढली.

गोळ्या सुरू झाल्यापासून तो आवाज ना मला आला, ना आईला. आज वहिनीचा कोर्स पूर्ण झालाय, बाळ धरून धरून उभं राहतंय. मी स्वतःला शंभर कारणं देऊन पाहिली. लिंबाखालचं कोणी खोकलं असेल, भिंतीवरून आवाज फिरला असेल, आई आणि मी, दोघींच्या मनात अण्णा होतेच. एकही पटत नाही.

परवा मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती घाबरली नाही. बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग डोळे भरून आले तिचे.

"तुमाला आला, आत्याबाईला, तुमच्या आईला बी आला. त्यायची सेवा तं म्या केली, ताई. मंग मलाच काहून न्हाई आला?"