तिसरं भिंग

मला त्याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार समंजस वागले असा कुणाचा समज व्हायला नको.

भोपाळमध्ये रायसेन रोडवर, आनंद नगरच्या थोडं पुढे, आमचा छोटा कारखाना आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स आम्ही बनवतो. बारा वर्षं तिथे डिझाइन करणारी मी एकटीच होते. हे काम काय असतं असं कुणी विचारलं की मी सांगायचे, एक भिंग चित्र बिघडवतं, दुसरं ते सावरायला जातं आणि स्वतःचा वेगळा घोळ घालतं, तो तिसऱ्याने निस्तरायचा. आकडेमोड कॉम्प्युटर करतो. पण सुरुवात कुठून करायची ते त्याला कळत नाही, ते माणसालाच सुचावं लागतं.

मग इंदूरहून तो आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मराठीच, पण बोलणं अर्धं हिंदीत. माझे आईवडील नोकरीसाठी पुण्याहून भोपाळला आलेले, त्यामुळे घरात भाषेचा कडक पहारा. त्याच्या मराठीला मी मनातल्या मनात नाक मुरडायचे, कारण नावं ठेवायला दुसरं काही सापडत नव्हतं.

नव्या कॅमेऱ्यासाठी तीन महिने खपून मी सात भिंगांचं डिझाइन केलं होतं. त्याने ते पाहिलं, दोन दिवस कागदावर रेघोट्या मारल्या आणि तेच काम पाच भिंगांत करून दाखवलं. साहेब म्हणाले, "ही नजर शिकवून येत नाही." माझ्या देखत म्हणाले. बारा वर्षांत मला 'व्यवस्थित काम' यापलीकडे काही मिळालं नव्हतं. त्या दिवशी घरी मी भाजी करपवली आणि वर नवऱ्यावरच डाफरले.

ठरलं असं, की आधी त्याच्या डिझाइनचा नमुना बनवायचा. तो जमला नाही, तर माझं डिझाइन घ्यायचं.

ड्रॉइंग तपासायला तो माझ्याकडेच आला. "ताई, एकदा चेक करून द्या ना. तुमची नजर फिरली की मग मला टेन्शन नाही."

मी पाहिलं. तिसऱ्या भिंगाच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्याच फुगीर होत्या, पण अगदी सारख्या नव्हत्या. डोळ्यांना फरक कळणार नाही असं भिंग जोडताना हमखास उलटं बसतं. म्हणून त्याच्या कडेवर बाण काढायचा आणि ड्रॉइंगवर तसं लिहायचं. ही ठेच आमच्यातला प्रत्येक जण एकदा तरी खातो, मीही खाल्ली होती. मी पेन्सिलीने लिहिलंसुद्धा, 'कडेला बाण हवा'. मग ते खोडलं आणि 'तपासले' या चौकोनात सही केली.

महिन्याभराने नमुना तयार झाला. चित्र मध्यभागी स्वच्छ, कडांना धूसर. मला पाहताक्षणी कारण कळलं. जोडणी करणारे चाचा म्हणाले, "मैडम, हमने तो सब नाप लिया, सब बराबर है." तो तीन दिवस जाडी, अंतरं, काच सगळं परत परत तपासत बसला. डबाही उघडत नव्हता. चौथ्या दिवशी साहेबांना म्हणाला, "सर, माझीच गलती आहे. ताईंचं डिझाइन घ्या. ते पहिल्यापासून पक्कं होतं."

मला हवं होतं ते हेच होतं. मला दया आली असं नाही. पण तो पडला म्हणून आपण निवडले जाणार, हे मला सहन होईना. मी चाचांना म्हटलं, "तीसरा लेंस पलटकर देखिए."

चाचांनी भिंग उलटं करून बसवलं. चाचणीच्या तक्त्यावरच्या बारीक रेघा कोपऱ्यापर्यंत लख्ख दिसल्या.

"याला म्हणतात नजर," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "ही शिकवून येत नाही." तेच वाक्य, शब्दसुद्धा तेच.

दुपारी तो ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलाशी आला, बाणाची सूचना लिहायला. कागद खिडकीकडे तिरपा धरून जरा वेळ बघत राहिला. खोडलेल्या अक्षरांचे वळ कागदावर तसेच होते.

"ताई, इथे काही लिहिलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने ते वाचलं. वाचताना मी त्याला पाहिलं. मग पेन काढून त्याच जागी, माझ्या अक्षरांवरूनच, त्याने तेच तीन शब्द लिहिले. साहेबांना तो काही बोलला नाही.

आजही प्रत्येक नवं ड्रॉइंग तो आधी माझ्याच टेबलावर आणून ठेवतो. त्याच्या जागी मी असते तर ठेवलं नसतं. त्याच्या पाच भिंगांपेक्षा मला याचाच हेवा जास्त वाटतो.