डाव्या खांद्याची रायफल

रायफल उजव्याच खांद्याला लावायची हे कुणी ठरवलं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की लोक म्हणतात, तसंच असतं. मी आठवीत शाळा सोडलेली बाई. 'तसंच असतं' हे उत्तर मला आयुष्यात पुष्कळदा मिळालंय आणि दर वेळी मी मान खाली घालून ते घरी घेऊन आलेय. त्या एका वेळी आणलं नाही.

माझं माहेर देवगडच्या बाजूला, खाडीच्या काठावर. भावोजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बदली होऊन ते हिंगोलीला आले आणि ताईच्या बाळंतपणाला म्हणून मी तिच्या मागोमाग. बाळ चालायला लागलं, बोलायला लागलं, मी तिथंच. ताई कधी म्हणाली नाही की आता जा. भावोजीही म्हणाले नाहीत. पण ताटावर बसलं की मला रोज वाटायचं, आज म्हणतील. गावाकडं दादानं माझ्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. बायको वारलेली, दोन मुलं शाळेत जाणारी, घर चांगलं. शेजारच्या फोनवर त्यानं ताईला कळवलं, दसऱ्याला येतो आणि तिला घेऊन जातो. मला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नसावं.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता. गणपती, दसरा, निवडणुका यांच्या बंदोबस्ताला पोलिसांच्या जोडीला उभं राहायला बायकांचं एक पथक भरत होते. ड्युटी असेल त्या दिवशी भत्ता, अंगावर खाकी. आठवीपर्यंत शिकलेली चालत होती. भावोजी मला सायकलवर डबलसीट घेऊन भरतीला गेले. कवायत झाली, लाठी झाली, आणि शेवटी राहिली फायरिंग. त्यात जी नापास तिचं नाव कमी, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मी ताईला म्हटलं, "पास झालंय तर दादाक नाय म्हणून सांगतलंय. नापास झालंय तर गप जातलंय त्याच्यावांगडा."

ताई भाकरी थापत होती. म्हणाली, "बरां." एवढंच. तव्यावरची भाकरी मात्र तिनं करपवली.

फायरिंगची जागा नरसीच्या रस्त्याला, एका जुन्या दगडखाणीत. आम्हाला शिकवणारे उस्ताद हवालदार होते. तांड्यावरचे, काटक, कानावर पांढरे केस. पहिल्या दिवशी त्यांनी ताडपत्रीवर रायफली मांडल्या. पॉईंट टू टूच्या. मोठ्या रायफलीसारखा हिचा धक्का खांद्याला बसत नाही, म्हणून शिकायला हीच. त्यांनी एक काडतूस चिमटीत धरून दाखवलं. करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. "हिची दारू बुडाच्या कडेला असते. पिन मधोमध न्हाई, कडेवर बसते. कधी कधी गोळी उडत न्हाई. तवा काहून उडली न्हाई म्हणून नळीत डोकावायचं न्हाई. नळी टारगेटकडं, अन् गप पडून राहायचं. समजलं?"

समजलं. मला सगळं लवकर समजतं, कारण मला सगळ्याची भीती वाटते.

ताडपत्रीवर दोन रायफली नव्या होत्या. चकचकीत, कुंद्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाला पॉलिश, आणि कुंद्याच्या डाव्या अंगाला गाल टेकायला लाकूड फुगवलेलं. बाकीच्या जुन्या, सरळ लाकडाच्या, ओरखडे पडलेल्या. सगळ्या बायकांची नव्यांवर झुंबड. माझ्या नशिबानं एक माझ्या वाट्याला आली. मी देवाचे आभार मानले. उगाच मानले.

पोटावर पडले, रायफल उजव्या खांद्याला लावली, डावा डोळा मिटला आणि मारलं. टारगेटवर काही नाही. परत मारलं. काही नाही. एक गोळी शेजारच्या बाईच्या टारगेटवर सापडली. ती शेजारीण वसमतची. नवऱ्याबरोबर हळदीच्या आडतीवर काम करायची, सकाळी आली की सगळ्यांना जय भीम घालायची आणि मग दिवसभर प्रत्येकीला बोल लावायची.

"ए कोकणी," ती म्हणाली, "तुझं टारगेट समोर हाय. वसमतकडं काहून मारून राहिली?"

"डोळा मिटत नाही नीट."

"मासळीसारखे उघडेच राहतात का तुमच्याकडं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसल्याशिवाय चालत नसे.

उस्तादांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दोन्ही हात लांब कर, पंज्यांचं एवढंसं भोक कर, त्यातून त्या बाभळीकडं बघ. आता एक डोळा झाक. आता दुसरा. डावा झाकला की बाभूळ भोकातून पळून जायची. उजवा झाकला तर जागच्या जागी.

"तुझा मालक डोळा डावा हाय," ते म्हणाले. "अन् रायफल उजव्याची."

मग त्यांनी काळ्या रिबिनीचा तुकडा आणून माझा डावा डोळा बांधला. तसंच करतात म्हणाले. दोन दिवस मी तशी मारत राहिले. उजवा डोळा पाण्यानं भरून यायचा, माशी अंधुक व्हायची. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उभा तुकडा, ज्यानं नेम धरायचा. गोळ्या टारगेटला लागू लागल्या, पण कुठंही. एक वर, एक कोपऱ्यात.

वसमतवाली म्हणाली, "घाण्याचा बैल दिसून राहिली, बाई." यावेळी हसली नाही. मग हळूच, "सोड ती पट्टी. डाव्यानंच मार की."

हे तिनं सहज म्हटलं. मी मात्र घरी जाऊन आरशासमोर लाटणं घेऊन पडले. आधी उजव्या खांद्याला लावलं, मग डाव्या. डाव्याला लावल्यावर काही मिटावंच लागलं नाही. ताईचं बाळ माझ्या पाठीवर बसलं तरी लाटणं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिबीन सोडून खिशात घातली आणि उलटी पडले.

"हे काय?" उस्ताद म्हणाले.

"डाव्यानं मारते."

"गोळी भरायचा बोल्ट उजवीकडं हाय. हात कसा नेशील?"

"वरून नेईन."

"रिकामी पुंगळी तोंडासमोरून उडंल."

"उडू दे."

"अन् पाय? समद्या बायांचे पाय डावीकडं, तुझे उजवीकडं. शेजारणीच्या पायात पाय जातील. लाइन बिघडंल. लाइनीत असं न्हाई चालत."

"मला उजव्या टोकाला टाका. तिथं माझ्या पायाशी कुणी नसेल."

मला वाटलं, आता रागावून घालवतील. पण उठायचं नाही, एवढं एकच मी धरून ठेवलं. सगळी लाइन थांबली होती. उन्हात दगड तापत होते. वसमतवालीनं जोरात जांभई दिली.

"पाच गोळ्या," उस्ताद म्हणाले. "त्या बघू. मग गप उजव्यावर यायचं."

पाच मारल्या. टारगेट आणून बघितलं तर हाताच्या पंजाएवढ्या जागेत पसरलेल्या. उस्ताद काही बोलायच्या आत मी म्हटलं, "गाल बसत नाही. लाकूड पलीकडच्या बाजूला फुगलंय. मला दुसरी द्या."

"नवी सोडून?"

"ती उजव्यांसाठी आहे, उस्ताद. माझ्यासाठी नवी नाही."

जुन्या रायफलींपाशी त्यांनी मला सोडलं आणि उभे राहून बघू लागले. निवडायचं कसं ते त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कुंद्याचं बूड कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचतंय का बघायचं. मी एकेक लावून पाहिली. सगळ्यांत बोट अर्धं अर्धं कमी पडायचं, मान पुढं ताणावी लागायची. या रायफली उंच पुरुषांच्या मापाच्या. शेवटची एक मात्र बसली. तिचं बूड कधीतरी फुटलं असावं, कुणीतरी तेवढी चकती कापून परत पत्रा ठोकला होता. दिसायला थोटी.

"ती?" उस्ताद म्हणाले. "ती कुणी घेत न्हाई."

"म्हणूनच मला मिळेल."

पट्टा त्यांनीच बसवला. उजव्या दंडाला एक वेढा, मग मनगटावरून, इतका घट्ट की हात बधिर होईल असं वाटलं. "बधिर झाला तर ढिला कर. ठोका नेमात दिसला तर खाली सरकव," म्हणाले. खरंच, माशी माझ्या नाडीबरोबर हलत होती. पट्टा दंडाच्या खाली ओढला आणि ती थांबली.

पाच मारल्या. उस्ताद टारगेट घेऊन आले आणि माझ्याकडं न बघता टारगेटकडंच बघत राहिले. मधल्या काळ्या गोलाला एकही लागली नव्हती. पण उजवीकडं, दोन बोटं लांब, पाचही गोळ्या एका ठिकाणी. एक रुपयाचं नाणं ठेवलं असतं तर झाकल्या असत्या.

"जागा चुकली," ते म्हणाले. "पण ग्रुप हाय. ग्रुप असला की जागा आणता येती."

मग त्यांनी पितळेची हातोडी आणली, माशीवर खूण केली आणि तिला उजवीकडं टिचकी मारली. मी बघत होते. गप्प राहावंसं वाटलं, पण नाही राहिले. "उस्ताद, गोळी उजवीकडं जाते आणि तुम्ही माशीपण उजवीकडंच नेता?"

"नळी कुठं आणायची हाय? डावीकडं. माशी उजवीला सरकवली तर तिला परत गोलावर आणायला तू काय करशील? आख्खी नळी डावीकडं आणशील. व्हय का न्हाई?"

डोक्यात बसायला वेळ लागला. बसलं ते कायमचं. दोन टिचक्यांनी गोळ्या काळ्यात आल्या. शेवटी उस्तादांनी माशीवर पांढरी रेघ मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही हिची. कुणी हात लावायचा न्हाई. दुसऱ्यानं मारली तर चुकंल." वसमतवाली म्हणाली, "त्या थोटीला कोण हात लावतंय, उस्ताद." टोकाची जागा मला मिळाली नाही, पण पुढचे सगळे दिवस, न सांगता, तिनं माझ्या उजवीकडची जागा धरून स्वतःचे पाय आवळून घेतले.

परीक्षेच्या दिवशी वरचे साहेब आले. रांगेमागून चालत माझ्यापाशी थांबले. त्यांचे बूट मला दिसत होते.

"ही उलटी का?"

उस्ताद म्हणाले, "डावा डोळा मालक हाय, साहेब."

"उजव्यावर घ्या. सगळ्यांसारखं."

उस्तादांना पुढं बोलता आलं नसतं. त्यांची नोकरी होती. मला मात्र त्या क्षणी दादा दिसला, गावचं ते घर दिसलं, आणि कधी न पाहिलेली ती दोन मुलं. मी मान वळवली नाही.

"साहेब, माझा नेम इकडूनच लागतो. इकडूनच मारते."

"नापास झालीस तर परत संधी नाही."

"नको."

पहिल्या दोन गोळ्या चांगल्या गेल्याचं हाताला कळलं. तिसरीला नुसतंच टक. धूर नाही, आवाज नाही. मागून साहेब म्हणाले, "बघा, डाव्या हातानं असंच होतं." मी नळी समोर ठेवली, बोट बाहेर काढलं आणि पडून राहिले. घाम डोळ्यात उतरत होता, पुसलाही नाही. वेळ झाल्यावर उस्तादांनी बोल्ट उघडून गोळी काढली, साहेबांपुढं धरली. कडेवर पिनची खूण स्वच्छ उमटलेली. गोळीच खराब निघाली होती. साहेबांनी बघितलं, आणि म्हणाले, "दुसरी द्या हिला."

संध्याकाळी नावं वाचली. माझं नाव मधे कुठंतरी आलं. फार वर नाही, पण आलं. वसमतवाली माझ्या वरती होती, तिनं मला पाठीत एक गुद्दा घातला. मी उस्तादांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले. "नेम तुझा हाय, माझ्या पाया काहून पडून राहिली?" मी तरी पडले. आजही कुणी नवी पोरगी डाव्या हातानं काही करताना दिसली की मला त्यांची पितळेची हातोडी आठवते, आणि मी मनातल्या मनात हात जोडते.

दादा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. दारातच म्हणाला, "बोचका बांधलंस काय?"

मी खाकीला इस्त्री करत होते. "मी येवचंय नाय."

"मगे काय करतलंस हंय?"

"ड्युटी. रामलीला मैदानावर उद्या, आणि आज तालीम."

तो ताईकडं वळला. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "ता येवचा नाय म्हणता, तर नाय. जेवून घे." भावोजी कपाटातून तांदूळ काढत होते, त्यांनी मान हलवली. दादा बराच वेळ बोलत राहिला. लोक काय म्हणतील, वय काय, डाव्या-उजव्याचा खुळेपणा काय. मी ऐकलं. शर्टाची घडी नीट पडली.

त्याची गाडी संध्याकाळची होती. ती सुटेपर्यंत मी थांबले नाही. हजेरी चारला होती.