हानचो सुप्रभाचं सार्वमत

डोंबिवलीच्या ज्या हाउसिंग सोसायटीत सुप्रभा लहानाची मोठी झाली, तिथे पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं असलं तरी आधी ठराव यायचा, मग त्याला अनुमोदक, मग चर्चेत जुनी उणीदुणी आणि शेवटी हात वर. तिचे वडील गुणवंतराव त्या सोसायटीचे एकोणीस वर्षं सचिव. मतं मोजून झाली की ते वही मिटायचे आणि म्हणायचे, "संपला विषय." आणि विषय खरोखर संपायचा, निदान पुढच्या सभेपर्यंत. त्यामुळे जगातलं कुठलंही भांडण हात मोजले की मिटतं, अशी सुप्रभाची लहानपणापासून पक्की समजूत होती.

ती समजूत सामानात घेऊनच ती २००९ साली नवऱ्याबरोबर ओसाकाला आली. नवरा विजयकुमार तिथल्या एका विद्यापीठात बॅटऱ्यांवर संशोधन करतो. कुठली बॅटरी कधी तापेल हे त्याला मिनिटाच्या हिशोबात सांगता येतं, बायकोच्या बाबतीत मात्र अजून अंदाज चुकतो. त्यांना घर मिळालं ते एका जुन्या गल्लीत. एकवीस घरं, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाने उतरायचं एवढी रुंदी, आणि वळणावर लाल लाळेरं बांधलेला दगडाचा जिझो, म्हणजे लहान मुलांना सांभाळणारा देव.

पहिली दोन वर्षं गल्लीने तिला वाकून नमस्कार करण्यापलीकडे काही दिलं नाही. मग २०११चा भूकंप झाला. ओसाका नुसतं डुललं, पण ओळखीची बरीच भारतीय कुटुंबं मिळेल त्या विमानाने निघून गेली. सुप्रभा राहिली. कारण तिकिटांचे भाव ऐकून तिला भूकंपापेक्षा मोठा धक्का बसला होता. गल्लीने मात्र याला धैर्य समजलं, आणि हा गैरसमज दूर करायची घाई तिने काही केली नाही. पुढे २०१५च्या एप्रिलमध्ये गल्लीचं प्रमुखपद पाळीपाळीने फिरत तिच्या दारात आलं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. या पदाला तिथे हानचो म्हणतात. सुप्रभाने ते डोंबिवलीला फोन करून सांगितलं तेव्हा "चेअरमन" असं भाषांतर केलं.

हानचोचं मुख्य काम काइरानबान फिरवायचं. काइरानबान म्हणजे क्लिप लावलेली एक फळी. तिच्यावर कचऱ्याच्या बदललेल्या वारापासून भूकंपाच्या कवायतीच्या तारखेपर्यंत सगळ्या सूचना असतात. वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. एकवीस घरं फिरायला तिला तीन दिवस लागत.

मे महिन्यात ओसाकात सार्वमत झालं. महानगरपालिका मोडून शहराचे पाच स्वतंत्र विभाग करायचे का, हो की नाही. परदेशी माणसाला मत नाही, म्हणून सुप्रभा त्या रविवारी घरी बसून थालीपीठं लावत होती. जवळजवळ चौदा लाख लोकांनी मत दिलं आणि दहा हजारांच्या थोड्याशा फरकाने "नाही" जिंकलं.

आता मत नसलेल्या माणसाला सगळेच आपलं मत विश्वासाने सांगतात. सार्वमताआधी गल्लीत वीसपैकी बारा घरं "हो"ची आहेत असं सुप्रभाला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. निकालानंतर पंधरवड्यात पंधरा घरांनी तिला सांगितलं की आम्ही पहिल्यापासून "नाही"चेच. मग ते जवळजवळ सात लाख "हो"वाले राहतात तरी कुठे, असा तिला प्रश्न पडला. जूनअखेरीस वारं पुन्हा फिरलं. "नाही" लिहिलेले कुरकुरू लागले की एवढी संधी आली होती, उगाच घाबरलो. "हो" लिहिलेले म्हणू लागले, बरं झालं हरलो. सुप्रभाने वहीच्या शेवटच्या पानावर खुणा करून ठेवल्या आणि त्या इतक्या वेळा खोडल्या की पान फाटलं.

न बदललेली घरं दोनच. नवव्या घरातले तामुराआजोबा आणि दहाव्या घरातल्या निशिओआजी. म्हणजे सुप्रभाच्या घरात त्यांना आजोबा आणि आजी म्हणत, तोंडावर अर्थात तामुरा-सान आणि निशिओ-सान. आजोबांचा लेथ मशीनचा लहानसा कारखाना. शहर बदलल्याशिवाय धंदा तगणार नाही असं त्यांचं म्हणणं. आजींचं तोफूचं दुकान बंद होऊन तीन वर्षं झालेली, आणि शहर मोडलं तर आपला बसचा ज्येष्ठांचा पास जाईल ही त्यांना धास्ती. दोघं एका शाळेत, एका वर्गात होते. रोज पाच वाजता दोघं आपापल्या कुंड्यांना पाणी घालत आणि तासभर गप्पा मारत. सार्वमतानंतर आजोबा साडेचारला पाणी घालू लागले आणि आजी साडेपाचला.

भांडणाचा आवाज कुठेच नव्हता. फक्त आजोबा काइरानबान आजींच्या हातात द्यायचे थांबले, पायरीवर ठेवून निघून जाऊ लागले. आजींनी पायरीकडे बघायचं बंद केलं. तीन दिवसांची फेरी तीन आठवड्यांवर गेली आणि निम्म्या गल्लीने बाटल्यांच्या दिवशी पुठ्ठे बाहेर ठेवले.

कचऱ्याचं एक वेळ चाललं असतं. पण ऑगस्टच्या तेविसाव्या तारखेला जिझोबोन होता. हा त्या दगडी देवाचा, लहान मुलांचा सण. मुलं गोल बसून एक भलीमोठी जपमाळ हातोहात फिरवतात, मग खाऊ मिळतो. गल्लीत आता मुलं उरली होती चार, त्यातली एक सुप्रभाची आठ वर्षांची अस्मिता. शेजारच्या दोन गल्ल्यांत एकेक वर्ष सण चुकला आणि मग कायमचा बंद पडला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी तामुराआजोबा गाडी बाहेर काढून गॅरेज मोकळं करून देत. यंदा त्यांनी गुळणी धरली होती. निशिओआजींनी आपलं रिकामं दुकान झाडून ठेवलं होतं, पण त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. अस्मिता मात्र रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारी, "यारु नो?" म्हणजे, करणार ना?

रविवारच्या फोनवर सुप्रभाने वडिलांना सगळं सांगितलं.

"अगं मग मतदान घे!" गुणवंतराव म्हणाले. "गॅरेज की दुकान. जास्त हात तिकडे सण. संपला विषय."

"तू यात पडू नकोस," विजय शेजारून म्हणाला. "इथे असं कुणी करत नाही."

"म्हणून तर दोन महिने कुढत बसलेत," सुप्रभा म्हणाली आणि तिने विडा उचलला.

तिने सुबक तक्ता बनवला. एकवीस घरांची नावं, समोर दोन रकाने. गॅरेजला हरकत नसेल तर इथे गोल, दुकानाला नसेल तर तिथे गोल, आणि शेजारी शिक्का. कागद काइरानबानला लावून सोडून दिला. म्हणजे कुणाचं मत कुणाला, हे पुढच्या प्रत्येक घराला नावानिशी, शिक्क्यासकट वाचता येणार होतं. डोंबिवलीत हात सगळ्यांसमोरच वर होतात, त्यामुळे यात काही वावगं आहे हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

गल्ली मात्र पेचात पडली. कोरं ठेवावं तर हानचोचा अपमान, भरावं तर शेजाऱ्याचा. तिसऱ्या घराने गोल इतका फिका काढला की कागद उजेडात तिरका धरावा लागला. सातव्या घराने गोल दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर काढला, पण तो जरासा डावीकडे झुकत होता. आणि गॅरेज की दुकान हा प्रश्न मुळात गॅरेज-दुकानाचा नाहीच, हे सगळ्यांनी ओळखलं. मे महिन्याचं सार्वमत पुन्हा एकदा दारात आलं होतं, या वेळी नावं घालून.

कागद परत आला तेव्हा दहा गोल गॅरेजकडे होते आणि दहा दुकानाकडे. एकविसावं घर सुप्रभाचं.

शहराने तिला मत दिलं नव्हतं आणि गल्लीने निर्णायक मत हातात ठेवलं होतं. तिला केवढा आनंद झाला! तिने फार विचारही केला नाही. गॅरेज मोठं, माळ फिरवायला गोल नीट बसेल, म्हणून तिने गॅरेजला गोल काढला, अकरा विरुद्ध दहा असा निकाल लाल शाईने लिहिला, दप्तरासाठी तीन झेरॉक्स काढून ठेवल्या आणि फळी पुन्हा फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराने माणसं येऊ लागली. कुणी काकड्या घेऊन, कुणी नुसतंच. सगळ्यांचं म्हणणं एकच. आमचा गोल चुकून तिकडे पडला, मनातून आम्ही दुसऱ्या बाजूचे, तेवढं त्या अमक्यांच्या कानावर घाला. आठवड्यात गॅरेजची चार घरं दुकानाकडे आली आणि दुकानाची तीन घरं गॅरेजकडे गेली. सुप्रभाने बेरीज केली. आता दुकान अकरा, गॅरेज दहा. तिने कपाळाला हात लावला.

आणि ज्यांनी जिंकावं त्या तामुराआजोबांनी गॅरेज उघडलंच नाही. तेरा तारखेला ती धीर करून त्यांच्याकडे गेली.

"तुम्ही जिंकलात ना, तामुरा-सान?"

"अकरा घरं हो म्हणाली," आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हणजे दहा घरं नाही म्हणाली. दहा घरं जिथे नको म्हणतात, तिथे मी देव कसा बसवू? यंदा राहू द्या."

निशिओआजींनी तर तिला आत्तापर्यंत चार हात लांबच ठेवलं होतं. त्या दारातच म्हणाल्या, "आज फार उकडतंय, नाही?" आणि मग, "यंदा राहू द्या."

सुप्रभा घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. सण बंद पडणार होता, तो तिच्या हाताने, लाल शाईने. गल्लीने सहा वर्षांत जे थोडं जवळ केलं होतं तेही गेलं असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. नंतरच्या रविवारी वडिलांनी विचारलं, "ठराव मंजूर?" तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मंजूर झाला आणि त्यातच सगळं बिघडलं." गुणवंतरावांना ते कळलं नाही. सभेला कोरम होता का, एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी काइरानबान परत आलं. कवायतीची सूचना होती, कचऱ्याची होती, तिचा तक्ता नव्हता. वाऱ्याने उडाला म्हणावं तर क्लिप घट्ट होती.

मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात तामुराआजोबा आणि निशिओआजी, शेजारी शेजारी. आजोबांच्या हातात मिठाईचा डबा. दोघं एकदमच वाकले.

"जिझोबोन रविवारी," आजोबा म्हणाले. "देवासमोर, रस्त्यावरच चटया टाकू. पहिल्यापासून तसाच तर होत आलाय."

सुप्रभाच्या फोनमध्ये सहा वर्षांचे गॅरेजमधले फोटो होते. "पण मतदानात तर…"

"कसलं मतदान?" निशिओआजींनी विचारलं. चेहरा इतका निष्पाप की क्षणभर सुप्रभालाच शंका आली.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. हे दोघं गेले चार दिवस घरोघरच्या मागच्या दारांनी फिरले होते. सभा नाही, हात नाहीत. एकेकाला हळूच विचारायचं, असं म्हटलं तर तुम्हाला चालेल का, आणि चालेल म्हटल्यावर पुढच्या दारी. तीन महिने एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं त्यासाठी बरोबर चालली होती, कारण दोघांनाही त्या एका कागदाची सारखीच लाज वाटत होती. वीस घरांनी ठरवलं होतं की असा कागद कधी फिरलाच नाही.

"सुप्रभा-सान," आजी फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे एखादी झेरॉक्स वगैरे नाही ना राहिली?"

आत कपाटात, "सभा व ठराव" असं लिहिलेल्या फायलीत तीन होत्या. कागद खोटा पाडणं म्हणजे गुणवंतरावांच्या घरात चोरीपेक्षा मोठा गुन्हा. सुप्रभाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. दोघंही श्वास रोखून उभे होते. आपल्या उत्तराची एवढी वाट या गल्लीत पूर्वी कुणी बघितली नव्हती, हे तिला जाणवलं.

"कसली झेरॉक्स?" ती म्हणाली.

आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आजी मात्र हसल्या, आणि त्यांनी दारातच चपला काढल्या, वाकून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला केली आणि घरात पाऊल टाकलं. सहा वर्षांत गल्लीतलं कुणी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

"तुमच्याकडे तो आल्याचा चहा असतो ना," त्या बैठकीत बसत म्हणाल्या, "वास रोज येतो आमच्याकडे. कधी बोलावताय याची वाटच बघत होते मी."